मातृरक्षणाचा कायदा गोव्याला हवा

गोमंतकाच्या आरोग्याविषयी बोलावयास उभा राहिलेला प्रत्येक वक्ता एक आकडा हटकून सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, गोव्यातील शेकडा ९९.७ प्रसूती रुग्णालयांत झाल्याचे आढळून आले. आकडा खरा आहे आणि अभिमान वाटावा असाही आहे. ज्या प्रांतात दोन पिढ्यांपूर्वी बहुतेक बाळंतपणे वोयजिणीच्या अनुभवावर आणि ग्रामदेवतेच्या कौलावर सोपविलेली असत, तेथे आज जवळजवळ प्रत्येक मूल डॉक्टर आणि परिचारिका यांच्या नजरेखाली जन्माला येते, ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु वक्ते येथेच थांबतात. रुग्णालयाच्या दारातून आत गेलेली प्रत्येक स्त्री जिवंत घरी परतली काय, आणि जी परतली नाही ती का परतली नाही, याचे उत्तर लोकांना देण्यास कोण बांधलेला आहे, हा पुढचा प्रश्न सभामंडपात कोणी विचारीत नाही.

तो विचारण्यासाठी हा लेख आहे. माझे म्हणणे प्रथमच स्पष्ट सांगून टाकतो. गोवा विधानसभेने मातृरक्षणाचा स्वतंत्र कायदा करावा. त्या कायद्याचा लाभ गोव्याच्या भूमीवर असलेल्या प्रत्येक गरोदर स्त्रीला व बाळंतिणीला मिळावा. आणि तो देताना ती कोठली, कोणाची, येथे किती वर्षे राहिलेली, हे विचारण्याची कोणालाही मुभा नसावी.

प्रथम हिशेबाचा मुद्दा घेऊ. मातामृत्यूचे प्रमाण भारतात नमुना नोंदणी पद्धतीने काढले जाते. २०१८ ते २०२० या काळासाठी दर लाख जिवंत जन्मांमागे संपूर्ण देशाचे प्रमाण ९७, महाराष्ट्राचे ३३ आणि केरळाचे १९ असे प्रसिद्ध झाले. त्या कोष्टकात गोव्याची ओळ नाही. लहान राज्यांत जन्म थोडे, म्हणून मृत्यूही मोजके. अशा मोजक्या घटनांवरून काढलेले प्रमाण संख्याशास्त्राच्या दृष्टीने भरवशाचे ठरत नाही, म्हणून ही राज्ये ‘इतर राज्ये’ या एका मोळीत बांधली जातात. संख्याशास्त्रज्ञाचा यात दोष नाही. पण ज्या कारणाने आपले प्रमाण काढता येत नाही, त्याच कारणाने आपले कर्तव्य सोपे होते. मृत्यू मोजके असतील तर त्यांतील प्रत्येकाची स्वतंत्र चौकशी करणे हे लहान राज्याला मोठ्या राज्यापेक्षा किती तरी सुलभ आहे. उत्तर प्रदेशाला जे डोंगराएवढे काम वाटेल, ते गोव्याला एका समितीच्या बैठकीत करता येईल.

अशी चौकशी होतच नाही, असे कोणी समजू नये. मातामृत्यूचे परीक्षण करण्याविषयी केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचना आहेत. २०१७ साली त्या अधिक विस्तृत करण्यात आल्या. पण मार्गदर्शक सूचना म्हणजे कायदा नव्हे. सूचना न पाळणाऱ्याला जाब विचारता येत नाही, आणि पाळणाऱ्याचे निष्कर्ष लोकांपुढे येतीलच असे नाही. वकिली करणाऱ्या माणसाला हा भेद शिकवावा लागत नाही. हक्क असेल तर अर्जदाराला मान ताठ ठेवून उभे राहता येते. सवलत असेल तर त्याला खिडकीपाशी वाकावे लागते.

आता हरमलचा किनारा डोळ्यांपुढे आणावा. पावसाळा सरला, दसरा उलटला की केरीपासून मोरजीपर्यंतच्या वाळूवर खोपटी उभी राहतात, खानावळी उघडतात, भाड्याच्या खोल्या झाडून घेतल्या जातात आणि देशोदेशींचे पाहुणे येऊन पोहोचतात. त्यांच्या मागोमाग, त्यांच्याही आधी म्हणा, दुसरी एक मंडळी येते. कर्नाटकातून आलेल्या लमाणी बाया आरशांच्या पिशव्या आणि मण्यांच्या माळा घेऊन तापल्या वाळूत दिवसभर चालतात. झारखंड, ओरिसा आणि नेपाळ येथून आलेल्या स्त्रिया भांडी घासतात, चादरी धुतात, खोल्या आवरतात. मोपाच्या विमानतळापासून उड्डाणे २०२३ च्या जानेवारीत सुरू झाली. तेव्हापासून या तालुक्यात बांधकामाला ऊत आला आहे, आणि त्या बांधकामावर डोक्यावरून विटा व वाळू वाहणाऱ्या स्त्रियाही आल्या आहेत. त्यांच्याच शेजारी आपल्या घरच्या स्त्रिया आहेत : आगरवाड्याच्या मिठागरांत राबणाऱ्या, काजूच्या हंगामात भाटांतून बोंडू वेचणाऱ्या, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन मांद्र्याच्या आणि कोरगावच्या वाड्यांतून फिरणाऱ्या. भाषा निराळ्या, देव निराळे. पण गरोदरपणाच्या आठव्या महिन्यात यांपैकी कोणालाही बसून राहणे परवडत नाही, ही एक गोष्ट सर्वांत सारखी आहे.

कायदा या स्त्रियांकडे कसा पाहतो? थोडा इतिहास आठवावा लागेल. प्रसूतिलाभाचा अखिल भारतीय कायदा १२ डिसेंबर १९६१ रोजी संमत झाला. त्यानंतर अवघ्या सात दिवसांनी, १९ डिसेंबरला, गोवा मुक्त झाला. भारतीय प्रजासत्ताकाने आपल्या कामकरी मातांना दिलेले वचन आणि गोमंतकाचे स्वातंत्र्य ही अशी एकाच आठवड्याची भावंडे आहेत. पुढे २०१७ साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांपर्यंत वाढविण्यात आली, तेव्हा सर्वत्र तिची वाखाणणी झाली. तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. नाव बदलले, कलमांचे क्रमांक बदलले. उंबरठा मात्र तोच राहिला. कारखाना, खाण आणि मळा यांखेरीज अन्य दुकान वा आस्थापना असेल तर तेथे दहा माणसे कामाला हवीत, आणि मागील बारा महिन्यांत त्या स्त्रीने ऐंशी दिवस काम केलेले हवे.

हरमलच्या किनाऱ्यावर हा उंबरठा ओलांडणाऱ्या किती? चार खोल्यांच्या गेस्ट हाउसात दहा माणसे कामाला नसतात. हंगामी खानावळीत असली तरी हजेरीपट असतोच असे नाही, आणि जेथे हजेरीपट नाही तेथे ऐंशी दिवस सिद्ध कसे करावयाचे? ८ मार्च २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरील स्त्रियांना प्रसूतिलाभाचा हक्क आहे असा निर्णय दिला. निर्णय थोर आहे. पण तेथे मालक महापालिका होती आणि हजेरीपट तिच्याच कपाटात होते. माळा विकणाऱ्या लमाणी बाईला मालकच नाही. ती संहितेच्या दृष्टीने अदृश्यच आहे. मात्र एका कायद्याला ती चांगली दिसते. पर्यटनस्थळांच्या संरक्षणासाठी गोव्याने २००१ साली जो कायदा केला, त्यात अलीकडे दुरुस्ती होऊन पर्यटकांच्या मागे लागून वस्तू विकणे हा ‘उपद्रव’ ठरला आणि दंडाची रक्कम वाढली. तिच्या हातातल्या माळा ज्या कायद्याला दिसतात, त्या राज्यातल्या एकाही कायद्याला तिच्या पोटातले मूल दिसू नये, हे आमच्या विधिमंडळाला भूषणावह आहे काय?

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. गोव्याच्या १९८५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली बाहेरून आलेल्या मजुरांचे रक्त हिवतापासाठी तपासतात आणि त्यांना आरोग्यपत्र देतात. व्यवस्था योग्यच आहे. पण तिच्यामागचा हेतू लक्षात घ्यावा. मजुराच्या अंगातला हिवताप आपल्याला लागू शकतो, म्हणून आपण त्याच्यापर्यंत पोहोचतो, त्याचा पत्ता लिहून घेतो, त्याला पत्रक देतो. त्याच झोपडीत बसलेल्या त्याच्या बायकोचा रक्तक्षय आपल्याला लागत नाही. तिच्यासाठी पत्रक छापण्याची निकड म्हणूनच भासत नाही. जे यंत्र एका रोगासाठी झोपडीपर्यंत जाते, तेच यंत्र तिचे रक्त, तिचा रक्तदाब आणि तिचे दिवस मोजू शकेल. त्यासाठी एक तरतूद पुरे.

संसदेने काहीच केले नाही असे नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याच्या चौथ्या कलमात प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा प्रसूतिलाभ देण्याचे लिहिले आहे. सरकारी नोकरीत असलेल्या वा अन्य कायद्याने तसाच लाभ मिळणाऱ्या स्त्रिया तेवढ्या वगळल्या आहेत. पण २०१७ साली या कलमाच्या अंमलबजावणीसाठी जी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आली, तिने ही रक्कम ५,००० वर आणली आणि तीही पहिल्या अपत्यापुरतीच ठेवली. पुढे २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये देऊ केले. कायदा म्हणतो ‘प्रत्येक’, योजना म्हणते ‘पहिली’. कायदा म्हणतो सहा हजार, योजना म्हणते पाच. सामान्य माणसाने वीजबिलात हजार रुपये कमी भरले तर त्याचा दिवा तोडतात. शासनाने मातेच्या हक्कातून हजार रुपये कमी भरले तर त्याची जाहिरात होते. तामिळनाडू राज्य डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाने चालविलेल्या योजनेतून प्रत्येक गरीब मातेला अठरा हजार रुपयांचे साहाय्य, काही रोख व काही वस्तुरूपाने, देत आले आहे. पैसा नाही ही सबब म्हणून पटण्यासारखी नाही.

मातेचा विसावा ही मालकाची कृपा नसून राष्ट्राची गरज आहे, हा विचार आमच्या विधिमंडळांना नवा नाही. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक आणले होते. ते फेटाळले गेले. पुढे मुंबई कायदेमंडळात तशाच विधेयकावर १९२८ च्या जुलै महिन्यात चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला पाठिंबा देताना असे प्रतिपादन केले की, प्रसूतीच्या आधी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून या खर्चाचा मोठा वाटा शासनाने उचलला पाहिजे. १९२९ साली कायदा झाला. गिरणीतल्या बाईला त्याचा आधार मिळाला. शेतातली, रस्त्यावरची आणि दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातली बाई बाहेरच राहिली. शतक उलटत आले तरी ती बाहेरच आहे. तिच्या शरीराची किंमत काय होते हे पाहावयाचे असेल तर बीड जिल्ह्याकडे पाहावे. ऊसतोडणीला जाणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, आणि शासनाने नेमलेल्या समितीला अशा तेरा हजारांहून अधिक स्त्रिया आढळल्या. पाळीचे चार दिवसही ज्या कामात खाडा धरले जातात, त्या कामात गर्भारपणाचे नऊ महिने कोण मोजणार?

या बाबतीत अमेरिकेतील काळ्या स्त्रियांचा लढा आपल्याला पुष्कळ शिकविण्यासारखा आहे. जगातील सर्वांत श्रीमंत देश तो; आणि तरीही तेथे २०२३ साली दर लाख जन्मांमागे गोऱ्या मातांचे मृत्यू १४.५ तर काळ्या मातांचे ५०.३ होते. दारिद्र्याने हे घडते, असे कोणी पटकन म्हणेल. पण तेथील शासकीय अभ्यासातच दिसून आले की, महाविद्यालयाची पदवी घेतलेल्या काळ्या स्त्रीला बाळंतपणात असलेला धोका शालेय शिक्षणही पुरे न केलेल्या गोऱ्या स्त्रीपेक्षा अधिक आहे. याचा अर्थ असा की, रुग्णालयातील खाटेपर्यंत पोहोचल्यावरही कोणाचे दुखणे ऐकून घ्यावयाचे आणि कोणाचे ‘कांगावा’ म्हणून सोडून द्यावयाचे, हे तिच्या कातडीवरून ठरते. सेरेना विल्यम्ससारख्या जगज्जेत्या खेळाडूलाही २०१७ साली बाळंतपणानंतर आपल्या फुफ्फुसात रक्ताची गाठ झाली असावी हे परोपरीने सांगावे लागले. जिच्या नावाने क्रीडांगणे भरून जातात तिची ही कथा, तर जिचे नाव केसपेपरावरही धड लिहिले जात नाही तिचे काय होत असेल?

तेथील लोकांनी यावर नुसते अश्रू ढाळले नाहीत. २०१८ साली मातामृत्यूंची चौकशी करणाऱ्या राज्यसमित्यांना साहाय्य देण्याचा कायदा त्यांनी करून घेतला. २०१९ साली कॅलिफोर्निया राज्याने प्रसूतिसेवेतील कर्मचाऱ्यांना आपल्या मनातील सुप्त पूर्वग्रह ओळखण्याचे शिक्षण सक्तीचे केले. लॉरेन अंडरवुड, ॲल्मा ॲडम्स आणि कमला हॅरिस यांनी २०२० साली काळ्या मातांच्या आरोग्यासाठी अनेक विधेयकांचा एक संचच मांडला. त्यातील युद्धसेवेतून आलेल्या मातांविषयीचे एक विधेयक २०२१ च्या नोव्हेंबरात कायदा झाले. बाकीच्यांसाठी त्यांचा झगडा पुढे चालू राहिला. आणि या लढ्याशी आमचे एक जुने नातेही आहे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांचे पहिले मूल वैद्यकीय साहाय्याअभावी दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून त्या फिलाडेल्फियाच्या ज्या स्त्रीवैद्यक महाविद्यालयात गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या, त्याच महाविद्यालयातून १८६७ साली रेबेका कोल ही काळी स्त्री डॉक्टर होऊन बाहेर पडली होती. आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्र हा होता, हे योगायोगाने घडले नाही.

आपल्याकडे कातडीचा रंग नसला तरी कातडीची जागा घेणारी दुसरी चिन्हे आहेत. भाषा, जात, वस्त्र आणि ‘भायली’ हा एक शब्द. घाटावरून आलेल्या माणसाला आपण ज्या स्वरात ‘घाटी’ म्हणतो, तो स्वर प्रसूतिकक्षाच्या दारातून आत शिरत नाही, असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? परिचारिका कोंकणी बोलते, डॉक्टर इंग्रजी बोलतो आणि खाटेवरची बाई लमाणी बोलते. तिला चक्कर येते आहे की डोळ्यांपुढे अंधारी येते आहे, हा भेद जीवनमरणाचा असू शकतो. कारण अंधारी हे वाढत्या रक्तदाबाचे आणि येऊ घातलेल्या झटक्यांचे लक्षण असते. तो शब्द समजून घेणारे कोणी तेथे नसेल तर उत्तम औषधही कपाटातच राहते.

काही वर्षांपूर्वी एक मजूर माझ्याकडे आला होता. त्याला खटला करावयाचा नव्हता. मुलाच्या जन्मनोंदणीसाठी एक प्रतिज्ञापत्र हवे होते, एवढेच. मुलाच्या आईचे नाव विचारले तेव्हा तो म्हणाला, ती त्याच रात्री गेली. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी, तेथून तिसऱ्या ठिकाणी नेताना वाटेत गेली. कशाने गेली, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. आणि ते विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे, हे त्याच्या मनातही आले नव्हते. मी त्याचे प्रतिज्ञापत्र केले. त्याहून अधिक काही मागावे असा कोणताही कायदा त्याच्यासाठी माझ्या कपाटात नव्हता. कोणत्याही संस्थेवर दोष ठेवण्यासाठी हे मी सांगत नाही. कदाचित प्रत्येकाने आपापले काम केलेही असेल. पण ‘कदाचित’ या शब्दावर एका स्त्रीच्या मृत्यूची फाइल मिटावी, हीच माझी तक्रार आहे.

बाळंतिणीचा मृत्यू बहुधा तीन विलंबांतून घडतो, असे या विषयातील जाणकार सांगतात : घरातून निघण्याचा निर्णय घेण्यात विलंब, योग्य ठिकाणी पोहोचण्यात विलंब आणि तेथे पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यात विलंब. प्रसूतीनंतरचा भयंकर रक्तस्राव दोनतीन तासांत जीव घेऊ शकतो. हरमलहून म्हापशाचे जिल्हा रुग्णालय, तेथून बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय, ही वाट नकाशावर लहान दिसते. हंगामातल्या शनिवारी संध्याकाळी शिवोलीच्या पुलापाशी गाड्यांच्या रांगेत उभे राहून ती मोजावी. तुयेंच्या रुग्णालयाची नवी इमारत आणि तिच्याभोवतीचा वाद पेडणे तालुक्याने वर्षानुवर्षे ऐकला आहे. रक्ताची बाटली आणि भूल देणारा डॉक्टर रात्री दोन वाजता कोठे मिळेल, या प्रश्नाचे उत्तर इमारत देत नसते. ते कायद्याने नेमून दिलेली जबाबदारी देते.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, योजना पुष्कळ आहेत, मग कायदा कशाला? खरे आहे, २०११ पासून सरकारी रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रिया आणि वाहन विनामूल्य मिळावे अशी केंद्राची योजना आहे. पण योजना एका परिपत्रकाने येते आणि दुसऱ्या परिपत्रकाने जाते. ४ जून २०१० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने दोन दरिद्री मातांच्या प्रकरणांत असे ठरविले की, बाळंतपणातील उपचार हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेल्यामुळे तो लोपत नाही. तत्त्व ठरले, ते गोव्यात अमलात आणण्याची यंत्रणा मात्र गोव्याच्या विधानसभेनेच उभारली पाहिजे.

दुसरा आक्षेप हळू आवाजात घेतला जातो : बाहेरच्यांचा भार गोव्याने का सोसावा? २०१८ च्या आरंभी गोव्याच्या सरकारी रुग्णालयांत परराज्यातील रुग्णांकडून शुल्क घेण्याचे ठरले, तेव्हा दोडामार्गातील आपलेच भाईबंद रस्त्यावर उतरले होते. सीमेच्या अलीकडचा आणि पलीकडचा माणूस एकच भाषा बोलतो, एकाच देवाच्या जत्रेला जातो. आजारी पडला की मात्र तो परका ठरतो. आणि आपण गोमंतकीय कोणाला परके म्हणतो? पेडणे आणि बार्देश येथील किती घरे मुंबईच्या मनिऑर्डरीवर उभी राहिली, हे म्हाताऱ्यांना विचारावे. परळचे वाडिया प्रसूतिगृह १९२६ साली गिरणी कामगारांच्या बायकांसाठी उघडले गेले. त्या कामगारांत घाटावरचे होते, कोकणातले होते, गोव्याचेही होते. मुंबईने त्यांच्या बायकांकडे पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मागितला असता, तर आपल्यापैकी काहींचे आजे जन्मालाच आले नसते. शिवाय भार कोण कोणाचा उचलतो आहे? ज्या पाहुण्यांच्या पैशावर हरमलची घरे दुमजली झाली, त्यांच्या चादरी ही बाई धुते.

तिसरा आक्षेप डॉक्टरांचा, आणि तो आदराने ऐकण्यासारखा आहे. चौकशीचा कायदा झाला की प्रत्येक मृत्यूसाठी डॉक्टर आरोपी होईल, आणि भीतीपोटी तो अवघड रुग्ण पुढे ढकलील. हे टाळता येते. इंग्लंडमध्ये १९५२ पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी होते. केरळात प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २००४ पासून तीच पद्धत चालविली आहे. या पद्धतीत नावे गुप्त राहतात. कारणे आणि शिफारशी प्रसिद्ध होतात. समितीपुढील कथन न्यायालयात पुरावा म्हणून चालणार नाही, असे कलम घातले की डॉक्टर मोकळेपणाने बोलेल. गुप्त ठेवावयाचे ते नाव. आज आपल्याकडे निष्कर्षच अज्ञात राहतो, आणि त्याने डॉक्टरचे रक्षण होत नाही, उलट संशय तेवढा वाढतो.

चौथा आक्षेप निराशावाद्यांचा : कायद्याने माणसाचे मन बदलत नाही. गोव्यात तरी हे कोणी म्हणू नये. पेडण्यात जन्मलेल्या भाऊसाहेब बांदोडकरांच्या कारकिर्दीत १९६४ चा कूळकायदा झाला, पुढे १९७५ साली मुंडकार संरक्षणाचा कायदा आला. भाटकाराचे मन बदलण्याची वाट पाहत बसलो असतो, तर कूळ आजही अंगणात उभे असते. मन मागून येते; आधी कायद्याने त्याला वाट करून द्यावी लागते. पोर्तुगीज काळापासून चालत आलेला आमचा नागरी कायदा पत्नीला संपत्तीत अर्धा वाटा देतो म्हणून आपण देशभर मिरवतो. संपत्तीचा वाटा जपणाऱ्या राज्याने जीविताचाही वाटा जपावा, ही मागणी अवाजवी नाही.

अधिकाराचा प्रश्नही अडचणीचा नाही. सार्वजनिक आरोग्य हा राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्यसूचीतील विषय आहे. प्रसूतिलाभ समवर्ती सूचीत नावानिशी नमूद आहे. आणि कलम ४२ शासनाला प्रसूतिसाहाय्याची तरतूद करण्याचा आदेश देते. केंद्रीय कायद्याशी कोठे विरोध आलाच तर राष्ट्रपतींच्या संमतीची वाट घटनेनेच ठेवली आहे. तेव्हा विधेयकात काय असावे ते थोडक्यात सांगतो.

एक : गोव्यातील कोणत्याही रुग्णालयाने, सरकारी असो वा खासगी, प्रसूतीच्या संकटात आलेल्या स्त्रीला ओळखपत्र, अनामत वा वास्तव्याचा दाखला यांसाठी थांबवू नये, तिची प्रकृती स्थिर केल्याशिवाय तिला पुढे पाठवू नये, आणि पाठवावयाचे झाल्यास कोठे खाट, रक्त व डॉक्टर तयार आहेत याची खात्री पाठविणाऱ्यानेच करावी. दोन : प्रत्येक तालुक्यात चोवीस तास शस्त्रक्रिया व रक्त उपलब्ध असलेले एक ठिकाण कोणते, हे राजपत्रात जाहीर व्हावे, आणि ते बंद असेल तर त्याची जबाबदारी नावानिशी ठरावी. तीन : प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी ठरावीक मुदतीत व्हावी, समितीत डॉक्टरांबरोबर परिचारिका आणि कामकरी स्त्रियांची प्रतिनिधी असावी, मृत स्त्रीच्या कुटुंबाला मृत्यूचे कारण त्याला समजेल अशा भाषेत सांगितले जावे, आणि वार्षिक अहवाल विधानसभेच्या पटलावर ठेवला जावा. चार : असंघटित स्त्रियांना प्रसूतीच्या आधी व नंतर मिळून किमान बारा आठवड्यांचे किमान वेतन एका निधीतून मिळावे. बांधकामाच्या खर्चावर कामगारकल्याणाचा एक टक्का उपकर आपण घेतोच. तोच न्याय पर्यटनाच्या उलाढालीला लावावा. पाच : प्रसूतिकक्षात दुभाषी असावी, आणि शिवीगाळ, अवहेलना वा मारहाण ही तक्रारीस पात्र ठरावी, या तक्रारीचा निकाल रुग्णालयाबाहेरच्या अधिकाऱ्याने द्यावा.

ही पाच कलमे एका विधेयकात मावतील. चाळीस सदस्यांच्या सभागृहात ते मांडण्यास एक सदस्य पुरतो, आणि सरकार मांडणार नसेल तर खासगी सदस्याला तो अधिकार आहे. पेडणे, मांद्रे, डिचोली आणि मये येथील आमदारांना माझी विनंती आहे की, त्यांनी या बाबतीत पुढाकार घ्यावा. डिचोलीच्या खाणींनी या राज्याची तिजोरी अनेक वर्षे भरली. त्या खाणींवर पाट्या वाहिलेल्या बायांची बाळंतपणे कशी झाली हे त्या तालुक्याला सांगावे लागणार नाही. वाचकांकडे मागणे याहून सोपे आहे. येत्या ग्रामसभेत हात वर करून एवढाच ठराव मांडावा : या पंचायतीच्या हद्दीत गेल्या पाच वर्षांत किती माता दगावल्या आणि कशाने, हे पंचायतीने आरोग्य खात्याला लेखी विचारावे. उत्तर आले तर कायद्याला आधार मिळेल, आणि उत्तर आले नाही तर कायदा का हवा हे त्या मौनावरूनच सर्वांना कळेल.